मंडई उभारणाऱ्या आयुक्ताचा उदयास्त

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून दादाभाई नौरोजी मार्गाने उत्तरेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर उंच घड्याळी मनोऱ्याची आणि उतरत्या छपरांची एक दगडी इमारत लागते. तिचे अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. टॅक्सीवाल्यापासून लग्नाच्या खरेदीसाठी गावाकडून आलेल्या कुटुंबापर्यंत सर्वांच्या तोंडी मात्र एकच नाव असते, ते म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. हे नाव दिवसभरात हजारो वेळा उच्चारले जाते. पण तो क्रॉफर्ड कोण होता, याची आठवण फारच थोड्यांना असते.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मुंबई महापालिकेचे पहिले आयुक्त. घाणीत बुडालेल्या मुंबईला शिस्त लावणारा कर्तबगार अधिकारी ही त्यांची एक ओळख. लाचखोरीच्या आरोपावरून चौकशीला सामोरा गेलेला आणि अखेर सरकारी नोकरीतून काढून टाकला गेलेला अधिकारी ही त्यांची दुसरी ओळख. पहिल्या ओळखीचे साक्षीदार मुंबईत आहेत. दुसरीचे साक्षीदार पुणे, सातारा, सोलापूर या भागातील कचेऱ्यांत होते. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत. त्यामुळे क्रॉफर्ड यांच्या उदयाची कथा मुंबईची असली, तरी त्यांच्या अस्ताशी कृष्णाकाठचा आणि माणदेशाचा जवळचा संबंध आहे.

कापसाच्या पैशाचे शहर

क्रॉफर्ड यांचा जन्म १८३५ चा. ऐन तारुण्यात ते मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत दाखल झाले. आरंभीच्या काळात कोकणाशी त्यांचा चांगला परिचय झाला. तेथील डोंगर, खाड्या, दंतकथा यांनी त्यांना अशी भुरळ घातली, की पुढे उतारवयात त्यांनी कोकणातील दंतकथांवर पुस्तक लिहिले. लोकांत मिसळणे, बडेजावात राहणे आणि हात सैल सोडून खर्च करणे हा त्यांचा स्वभाव होता. या स्वभावानेच त्यांना वर नेले आणि त्यानेच खाली आणले.

१८६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईचे रूप झपाट्याने पालटत होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडच्या राज्यांतून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला आणि त्यांची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पाऊस पडू लागला. नव्या बँका, नव्या कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन मिळविण्याच्या नव्या योजना रोज निघू लागल्या. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या जुन्या भिंती पाडल्या गेल्या आणि शहर मोकळे झाले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली.

एवढी माणसे आली. पण त्यांच्यासाठी गटारे, पाणी, रस्ते यांची सोय नव्हती. वस्तीत कत्तलखाने होते, उघड्या नाल्यांतून मैला वाहत होता आणि पटकीची साथ पाठ सोडत नव्हती. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअर बाजाराचा फुगा फुटला. भलेभले सावकार आणि पेढीवाले रस्त्यावर आले. नेमक्या त्याच वर्षी शहराच्या कारभाराचा नवा कायदा अमलात आला.

एका माणसाच्या हाती शहर

१८६५ च्या या कायद्याने म्युनिसिपालिटीचे सर्व कार्यकारी अधिकार एका आयुक्ताच्या हाती दिले. वर देखरेखीसाठी जस्टिसेस ऑफ द पीस म्हणजे सरकारनियुक्त प्रतिष्ठितांचे मंडळ होते. पण दैनंदिन कारभारात आयुक्ताचा हात धरणारे कोणी नव्हते. या जागेवर पहिली नेमणूक झाली ती तिशीतल्या क्रॉफर्ड यांची.

त्यांनी कामाचा सपाटा लावला. आरोग्य अधिकारी म्हणून डॉ. ह्यूलेट त्यांच्या जोडीला आले. सफाईची नवी व्यवस्था बसविली गेली. शहराच्या मध्यवस्तीतील कत्तलखाने वांद्र्याला हलविण्यात आले. सखल, दलदलीच्या जागा भरून काढण्यात आल्या. जुने रस्ते रुंद झाले, नवे आखले गेले. त्यांपैकी एका रस्त्याला आर्थर रोड हे त्यांच्याच पहिल्या नावावरून नाव मिळाले. पुढे १९२० च्या दशकात त्या रस्त्यावर तुरुंग बांधण्यात आला आणि आर्थर रोड म्हणजे तुरुंग असे समीकरण मुंबईकरांच्या मनात पक्के झाले. आज त्या रस्त्याचे नाव साने गुरुजी मार्ग असे आहे.

क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत शहरातील मृत्यूचे प्रमाण घटले, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागले. पण सुधारणा करताना खर्चाचा हिशेब पाहण्याची त्यांना सवय नव्हती. शहर कोसळलेल्या बाजाराच्या मंदीत असताना घरपट्टी वाढत होती आणि म्युनिसिपालिटीची तिजोरी रिकामी होत होती.

एका छपराखालचा बाजार

या कारकिर्दीचे सर्वांत ठळक स्मारक म्हणजे मंडई. तोपर्यंत भाजी, फळे, मांस, मासळी यांची विक्री उघड्यावर, चिखलात आणि माश्यांच्या घोंगावण्यात चालत असे. या सर्व व्यवहाराला एक छप्पर, फरसबंद जमीन, वाहते पाणी आणि मोकळी हवा द्यावी, असा क्रॉफर्ड यांचा विचार होता. जागा निवडली ती पाडलेल्या कोटाच्या उत्तरेला, साहेबांचा कोट आणि देशी लोकांचे शहर यांच्या सीमेवर. दोन्हीकडची माणसे एकाच दाराने आत यावीत, अशी ही जागा होती. शहर ज्या दिशेने वाढणार तेथे आधीच बाजार उभारून ठेवायचा, हे धोरण आजच्या मॉलवाल्यांना चांगले परिचयाचे आहे. मुंबईत ते दीडशे वर्षांपूर्वीच अमलात आले होते.

इमारतीचा आराखडा विल्यम इमर्सन या तरुण वास्तुविशारदाने केला. याच इमर्सन यांनी पुढे कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचा आराखडा केला. मंडईच्या प्रवेशद्वारांवरील कोरीव शिल्पपट्ट्यांचे काम जॉन लॉकवूड किपलिंग यांचे. ते समोरच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते आणि त्यांचा मुलगा, लेखक रुडयार्ड किपलिंग, याचा जन्म १८६५ च्या डिसेंबरात याच परिसरात झाला. कष्टकरी हिंदुस्थानी माणसे या शिल्पांत दिसतात. ज्यांच्या घामावर बाजार चालतो त्यांना बाजाराच्या दारावर स्थान मिळाले, हे त्या काळच्या सरकारी इमारतींत अपवादात्मकच होते. आतील चौकात इमर्सन यांनीच आखलेले नक्षीदार कारंजे बसविण्यात आले. दानशूर पारशी व्यापारी कावसजी जहांगीर यांचाही या वास्तूला हातभार लागला.

१८६९ मध्ये मंडई पूर्ण झाली. मोठ्या दालनात एका बाजूला फळे आणि फुले, दुसऱ्या बाजूला भाजी, मसाले, किराणा, तर मांस-मासळीसाठी स्वतंत्र भाग, अशी तिची मांडणी होती. उंच लोखंडी छपरांतून उजेड आणि वारा आत येई. मुंबईच्या गृहिणीला, आणि गृहिणीपेक्षाही तिच्या घरगड्याला, महिन्याचा सारा बाजार एका फेरीत करता येऊ लागला. १८८२ मध्ये या मंडईने आणखी एक मान पटकावला. मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते येथे. मात्र हे दिवे पुरवणाऱ्या ईस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे लवकरच दिवाळे निघाले आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळली. पुढच्या काळात या वास्तूने जे चढउतार पाहिले, त्यांची ही पहिली चुणूक म्हणता येईल.

कर्जाचा डोंगर आणि लोकांचा हक्क

मंडई उभी राहिली तोवर आयुक्तांचे आसन डळमळू लागले होते. म्युनिसिपालिटी कर्जात होती. मंजुरीपेक्षा जास्त खर्च, पुढच्या वर्षाचे उत्पन्न गृहीत धरून चालू वर्षात केलेला खर्च, अशा गोष्टी बाहेर येऊ लागल्या. करदात्यांत असंतोष पसरला. १८७१ मध्ये सभा झाल्या, अर्ज झाले, जस्टिसेसच्या बैठकीत ठराव आले आणि त्याच वर्षी क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले.

या वादळात एका तरुण बॅरिस्टराने वेगळी भूमिका घेतली. फिरोजशहा मेहता तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. आयुक्ताच्या हाती अधिकार एकवटले म्हणून बिघाड झाला, हे लोकप्रिय मत त्यांना मान्य नव्हते. क्रॉफर्ड यांनी शहरासाठी जे केले ते मोलाचे आहे, असे सांगण्याचे धाडस त्यांनी दाखविले. दोष अधिकारांत नाही, त्या अधिकारांवर करदात्यांचा अंकुश नाही यात आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. समर्थ आयुक्त हवा. पण तो लोकांनी निवडलेल्या सभेला जबाबदार हवा.

१८७२ च्या कायद्यात या विचाराला जागा मिळाली. ६४ सदस्यांची महापालिका अस्तित्वात आली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडून देण्याची तरतूद झाली. एका आयुक्ताच्या उधळपट्टीने मुंबईकरांना मतदानाचा हक्क मिळवून दिला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. मंडई ही क्रॉफर्ड यांची जाणीवपूर्वक दिलेली देणगी होती. निवडणूक ही त्यांच्या हातून नकळत घडलेली देणगी ठरली.

त्याच वर्षीच्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी झाली होती. कापसाच्या पैशामागे आलेला लोंढा पैसा संपताच ओसरला होता. मंडई मात्र मोठ्या शहराच्या मापाने बांधून झाली होती.

मध्य विभागाची गादी

एखाद्या सामान्य अधिकाऱ्याची कारकीर्द येथेच संपली असती. क्रॉफर्ड यांची संपली नाही. महापालिकेतून बाहेर पडले तरी ते मुलकी सेवेत राहिले, चढत गेले आणि अखेर मध्य विभागाचे आयुक्त म्हणून पुण्यात आले. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक, खानदेश हे जिल्हे त्यांच्या हाताखाली आले. त्यांच्या शेजारी फलटण, औंध, भोर, जत, अक्कलकोट अशी संस्थाने होती. ही जुन्या सातारा राज्याची जहागिरी मंडळी. डफळ्यांचे जत त्यांपैकीच एक. हे मुलूख इंग्रजांच्या थेट अमलाखाली नसले, तरी त्यांच्या कारभारावर इंग्रज अधिकाऱ्यांची नजर असे. पुण्यातल्या आयुक्ताच्या गादीचा दरारा या साऱ्या प्रदेशात होता.

हा प्रदेश दुष्काळी. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने सोलापूर आणि साताऱ्याचा पूर्व भाग होरपळून निघाला होता. त्याआधी १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले होते. कर्जात बुडालेल्या रयतेला थोडे संरक्षण मिळावे म्हणून सरकारने १८७९ मध्ये खास कायदा केला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू केला. याच चार जिल्ह्यांवर देखरेख करणारे आयुक्त स्वतः गळ्यापर्यंत कर्जात होते, हा दैवदुर्विलास होता. मुंबईतच सुरू झालेले त्यांचे खासगी कर्ज वाढत गेले होते. राहणी बादशाही, मेजवान्या मोठ्या आणि पगार कितीही मोठा असला तरी अपुरा. ज्यांच्याकडून कर्ज घेऊ नये असा सरकारचा नियम होता, त्यांच्याकडूनच ते पैसे घेत होते. त्यांत त्यांच्या अधिकारक्षेत्रातले धनिक होते आणि हाताखालचे नोकरही होते.

येथे मामलेदार या अधिकाऱ्याचे महत्त्व लक्षात घ्यावे लागते. आजच्या तहसीलदाराचा तो पूर्वज. शेतसारा गोळा करणे, फौजदारी खटले चालविणे, पीक बुडाले की त्याची माहिती वर पाठविणे, दुष्काळी कामांवर देखरेख करणे, हे सारे त्याच्या हाती असे. रयतेच्या लेखी सरकार म्हणजे मामलेदारच. त्याची नेमणूक, बढती, बदली ही मात्र आयुक्ताच्या मर्जीवर अवलंबून. घराजवळची बदली हवी असेल, आजारी आईवडिलांपासून दूरच्या तालुक्यात जाणे टाळायचे असेल, रखडलेली बढती पदरात पाडून घ्यायची असेल, तर पैसे मोजावे लागतात, अशी कुजबुज कचेऱ्यांतून सुरू झाली. या व्यवहारात हणमंतराव नावाच्या मध्यस्थाचे नाव घेतले जाऊ लागले. ज्या मामलेदाराने कर्ज काढून खुर्ची विकत घेतली, तो ते पैसे अखेर कोणाकडून वसूल करणार, हे कळायला शेतकऱ्याला शाळेत जाण्याची गरज नव्हती.

१८८८ चे वर्ष

ही कुजबुज मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या कानापर्यंत पोहोचली. गोऱ्या मुलकी अधिकाऱ्याविरुद्ध कारवाई करणे त्या काळी सोपे नव्हते. सारा गोरा समाज अशा वेळी एक होत असे. तरीही रे यांच्या सरकारने गुप्त चौकशी आरंभली आणि १८८८ च्या जुलैत क्रॉफर्ड यांना निलंबित केले. क्रॉफर्ड पुण्याहून गुपचूप निसटले. पण मुंबईत पकडले गेले. ज्या शहरावर त्यांनी सहा वर्षे राज्य केले, तेथेच त्यांना अटक झाली.

मध्यस्थ हणमंतराव यांच्यावर फौजदारी खटला चालला आणि त्यांना शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांची चौकशी मात्र तीन सदस्यांच्या आयोगाकडे सोपविण्यात आली. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन त्याचे अध्यक्ष होते. पुण्यात आयोगाच्या बैठका सुरू झाल्या आणि हा विषय महाराष्ट्रभर चर्चिला जाऊ लागला. एकामागून एक मामलेदार साक्षीला उभे राहिले आणि आपण पैसे दिले असे शपथेवर सांगू लागले. बचावाच्या वकिलांनी या साक्षींवर कडाडून हल्ला चढविला. ज्यांनी स्वतः लाच दिली त्यांचा शब्द कसा मानायचा, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

आयोगाने तोच मुद्दा उचलून धरला. लाचखोरीचे आरोप सिद्ध होत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष निघाला. नियम मोडून कर्जे घेतल्याचा दोष मात्र पक्का झाला. अखेर प्रकरण लंडनला भारतमंत्र्यांपर्यंत गेले आणि १८८९ मध्ये क्रॉफर्ड यांना सेवेतून काढून टाकण्यात आले. लाचेचा डाग कायद्याने लागला नाही. नोकरी मात्र गेली.

साक्षीदारांचे काय झाले?

साहेब गेले, पण साक्षीदारांचे काय, हा प्रश्न उरला आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा ठरला. चौकशीच्या वेळी सरकारने मामलेदारांना अभय दिले होते. खरे सांगा, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, असा त्याचा आशय होता. या भरवशावरच ते पुढे आले होते. आयोगाचा निकाल लागताच वारे फिरले. पैसे देऊन पद मिळविल्याची कबुली देणारे लोक न्यायदानाच्या खुर्चीवर कसे बसू शकतात, असा आवाज उच्च न्यायालयाच्या वर्तुळातून, इंग्रजी वर्तमानपत्रांतून आणि ब्रिटिश पार्लमेंटातून उठला.

तत्त्व म्हणून या आक्षेपात तथ्य होते. पण बड्या गोऱ्या अधिकाऱ्याचे पाप उघडे करण्यासाठी ज्यांचा उपयोग करून घेतला, त्यांनाच नंतर वाऱ्यावर सोडायचे, हे पुण्यातील जाणत्या मंडळींना पटणारे नव्हते. त्यांच्यात आघाडीवर होते बाळ गंगाधर टिळक. त्या वेळी ते तेहतीस वर्षांचे होते आणि नुकतीच केसरीची सूत्रे त्यांच्या हाती आली होती. १ सप्टेंबर १८८९ रोजी पुण्यात मामलेदारांच्या बाजूने जाहीर सभा झाली. तीत सरकारने दिलेला शब्द पाळावा, अशी मागणी टिळकांनी केली. इंग्लंडमधील हिंदुस्थानच्या हितचिंतकांपर्यंतही त्यांनी हा प्रश्न नेला. टिळकांच्या सार्वजनिक जीवनातील पहिल्या मोठ्या लढ्यांत या प्रकरणाची गणना होते.

त्याच वर्षी कायदा होऊन मामलेदारांना खटल्यांपासून संरक्षण मिळाले. नोकरीच्या बाबतीत सरकारने भेद केला. ज्यांच्याकडून दबावाने पैसे उकळले गेले त्यांना ठेवायचे आणि ज्यांनी स्वतःहून पैसे दिले त्यांना काढायचे. काहींच्या नोकऱ्या टिकल्या, काहींच्या गेल्या. भ्रष्टाचाराला वाचा फोडणाऱ्याचे संरक्षण कसे करायचे, या प्रश्नावर देशात संसदेने स्वतंत्र कायदा केला तो २०१४ मध्ये. म्हणजे पुण्यातील त्या सभेनंतर तब्बल सव्वाशे वर्षांनी.

अखेरची वर्षे

बडतर्फीनंतर क्रॉफर्ड इंग्लंडला गेले. उरलेल्या आयुष्यात त्यांनी लेखणीचा आधार घेतला. एका पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी या स्वरूपाचे त्यांचे पुस्तक १८९४ मध्ये आले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील अत्याचारांनंतर रँड यांची हत्या झाली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्याच वर्षी क्रॉफर्ड यांचे पुणे आणि दख्खनच्या अशांततेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांविषयीची कटुता त्यात लपलेली नाही. आपल्या अधःपाताचे खापर त्यांना दुसऱ्या कोणावर तरी फोडायचे होते, असे ते वाचताना वाटत राहते. कोकणच्या दंतकथांच्या पुस्तकात मात्र तरुणपणीचा मोकळा, रसिक क्रॉफर्ड पुन्हा भेटतो. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

मंडईचे चढउतार

माणूस गेला, त्याची मंडई राहिली. विसाव्या शतकात क्रॉफर्ड मार्केट हा मुंबईच्या फळबाजाराचा कणा झाला. कोकणातून येणाऱ्या हापूसच्या पेट्यांचा भाव येथे ठरे आणि तो साऱ्या राज्याचा भाव होई. पूर्वी उंच छपराखाली आरामात मावणारा व्यवहार आता आवारात, गल्ल्यांत आणि रस्त्यांवर सांडू लागला. ज्या गर्दीतून आणि घाणीतून सुटका व्हावी म्हणून मंडई बांधली, तीच गर्दी शतकभरात मंडईच्या पोटात येऊन बसली.

उपाय म्हणून घाऊक बाजार शहराबाहेर नेण्याचे ठरले. १९७७ मध्ये मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली आणि एकेक बाजार नवी मुंबईत वाशीला गेला. १९९६ मध्ये फळांचा घाऊक व्यापारही तेथे हलला. आज जतचे डाळिंब किंवा तासगावचे द्राक्ष मुंबईला निघाले, की ट्रकचे तोंड वाशीकडे असते. क्रॉफर्ड मार्केटच्या वाट्याला किरकोळ विक्री उरली. फळे, सुका मेवा, परदेशी खाऊ, केकची भांडी, पाळीव प्राणी, पार्ट्यांच्या सजावटीचे सामान अशा नाना वस्तूंवर मंडई जगू लागली.

१९९९ मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स हा मुंबईचा पहिला आधुनिक मॉल सुरू झाला. वातानुकूलित, चकचकीत, सरकत्या जिन्यांचा. त्याला पाहण्यासाठी झालेली गर्दी आवरेना म्हणून सुरुवातीला प्रवेशावर अटी घालाव्या लागल्या होत्या. त्यानंतर मालाड, मुलुंड, ठाणे, वाशी अशा उपनगरांत मॉल उगवत गेले. आता जुन्या मंडया बंद पडणार, असे तेव्हा छातीठोकपणे सांगितले जाई. प्रत्यक्षात क्रॉसरोड्सची रया थोड्याच वर्षांत गेली, मालकी बदलली, नाव बदलले आणि अखेर ते बंद पडले. मोकळे गाळे आणि ओस पडलेले मजले घेऊन उभे राहिलेले मॉल गेल्या काही वर्षांत अनेक शहरांनी पाहिले. मोबाइलवरून घरपोच सामान मागविण्याच्या सवयीने त्यात भर घातली.

क्रॉफर्ड मार्केटवरही या काळात संकट आले, ते वेगळ्या वाटेने. ही जागा खासगी विकसकाकडे सोपवून पुनर्विकास करावा, असा प्रस्ताव २००० च्या दशकात पुढे आला. वारसा जतनाचा आग्रह धरणाऱ्यांनी त्याला जोरदार विरोध केला आणि तो मागे पडला. पुढे महापालिकेने स्वतःच टप्प्याटप्प्याने काम हाती घेतले. मूळ इमारतीची डागडुजी आणि मागील भागात नवे बांधकाम असा मार्ग स्वीकारला गेला.

मंडई तगली, यामागे दगडी भिंतींइतकेच आणखी एक कारण आहे. ती महापालिकेच्या मालकीची, म्हणजे सार्वजनिक आहे. तोटा झाला म्हणून कोणी तिला कुलूप लावू शकले नाही. गाळेधारकांच्या पिढ्या तेथे टिकल्या आणि वस्तू बदलत गेल्या तरी गिऱ्हाईकाचे नाते तुटले नाही. क्रॉफर्ड यांच्यावर ज्या सार्वजनिक खर्चासाठी टीकेची झोड उठली, तोच खर्च त्यांच्या मंडईला दीडशे वर्षे पुरला. करदात्यांनी विचारलेला हिशेबाचा प्रश्न यामुळे खोटा ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि हीच या माणसाचे मूल्यमापन करताना येणारी अडचण आहे.

एका नावाची दोन घरे

१८८८ या वर्षाकडे पुन्हा एकदा पाहिले तर काही विलक्षण योग दिसतात. त्या वर्षी जुलैत क्रॉफर्ड निलंबित झाले. त्याच वर्षी मुंबई महापालिकेचा नवा कायदा झाला. तो घडविण्यात फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता आणि मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो. त्यातही कार्यकारी अधिकार आयुक्ताकडेच आहेत. २०२२ च्या मार्चनंतर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईचा कारभार निवडून आलेल्या सभागृहाविना चालला, तेव्हा १८७१ मध्ये मेहता यांनी उपस्थित केलेला प्रश्न पुन्हा ताजा झाला होता.

आणि त्याच १८८८ च्या ११ मे रोजी मुंबईत जोतिराव फुले यांना जनतेच्या वतीने महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. फुले यांनी काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य म्हणून काम केले होते. पुण्यात मंडईसाठी भव्य इमारत बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करायचा सोडून इमारतीवर पैसा कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. तरीही मंडई बांधली गेली. १८८६ मध्ये खुल्या झालेल्या त्या इमारतीला गव्हर्नर रे यांचे नाव देण्यात आले. क्रॉफर्ड यांना घरी पाठविणारे रे ते हेच.

काळाने दोन्ही साहेबांची नावे पुसली. पुण्याच्या रे मार्केटला आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे फुले यांचेच नाव देण्यात आले. आरोपी आणि त्याच्यावर कारवाई करणारा गव्हर्नर, अशा दोघांच्याही मंडयांवर आज एकाच माणसाचे नाव आहे आणि तो माणूस मंडईवरच्या उधळपट्टीला विरोध करणारा होता. पुणेकरांनी नवे नाव सहज स्वीकारले. मुंबईकरांच्या जिभेवर मात्र क्रॉफर्ड अजून टिकून आहेत. पुण्यातल्या त्या चौकशीत उभे राहिलेल्या मामलेदारांची नावे मात्र ना कोणत्या चौकाला लाभली, ना कोणत्या बाजाराला.